२०१२ ची होंडा सिटी घेतोय: दुरुस्तीच्या अंदाजात ६० हजारांचा फरक, खरं काय धरायचं?

माळरान

नमस्कार मंडळी. कराडला आईबाबांसाठी एक पेट्रोल सेडान घ्यायची आहे. ओळखीतून होंडा सिटी आय-व्हीटेक समोर आली आहे. मार्च २०१२ ची नोंदणी, पुणे पासिंग, मॅन्युअल गिअर, दुसरे मालक, मीटरवर १,०८,००० किमी. मालक २,६०,००० मागतायत. बाबा सत्तरीचे आहेत, गाडी स्वतः चालवतात. सातारा, कोल्हापूर आणि गावातली कामं एवढाच वापर. वर्षाला सात-आठ हजार किमीच्या वर जाणार नाही, त्यामुळे डिझेल नको हे घरात आधीच ठरलं.

चालवून पाहिली. इंजिन ओढतं छान, गिअर लोण्यासारखे पडतात. पण खड्ड्यातून जाताना पुढून डाव्या बाजूला कटकट आवाज येतो. सिग्नलला एसी चालू असला की सीटपर्यंत थरथर जाणवते, एसी बंद केला की ती बरीच कमी होते. गाडी पळत असताना एसी मस्त गार, ट्रॅफिकमध्ये थांबलो की नुसता वारा. क्लच बराच वर आल्यावर गाडी सुटते. आणि सकाळी गार इंजिन सुरू केलं की बॉनेटखाली बारीक टिकटिक.

मालकांनी प्रामाणिकपणे एका सर्व्हिस सेंटरचं अंदाजपत्रक दाखवलं: पुढचे दोन्ही शॉकअप, लोअर आर्म (चाक धरणारा खालचा हात), इंजिनाची सगळी फाउंडेशन (इंजिन ज्यावर बसतं ते रबरी आधार), क्लच सेट, एसी कंडेन्सर (एसीचा गॅस थंड करणारी पुढची जाळी), कंप्रेसर, पुढच्या ब्रेक डिस्क, मजुरीसकट ९४,०००. त्यांच्याच ओळखीचा बाहेरचा गॅरेजवाला म्हणतो ३५,००० मध्ये सगळं करून देतो. यातलं नक्की काय करावं लागेल आणि काय नुसतं यादीत आलंय? जाणकारांनी सविस्तर सांगावं ही विनंती.

स्पॅनर

माझं सांगलीत गॅरेज आहे. या पिढीच्या सिटी, म्हणजे २००८ च्या शेवटी आलेली ते २०१३ पर्यंतची, भरपूर हाताखालून गेल्यात. म्हणून जरा लांबण लावतो.

लाखभर किलोमीटर झालं म्हणजे इंजिन संपलं, हे आधी डोक्यातून काढा. १४९७ सीसीचं, ११८ पीएसचं हे इंजिन टायमिंग चेनवर चालतं, ठराविक किलोमीटरला बदलायचा बेल्ट त्यात नाही. ऑईल वेळेवर बदललेलं असेल तर दोन लाखांच्या पुढं सहज जातं. या वयाच्या गाडीत पैसा खातं ते रबर. बुश (सांध्यांतली रबरी कडी), फाउंडेशन, बूट (सांध्यांवरची रबरी टोपी), होज (रबरी नळ्या), सील, सगळं २०१२ चं. ते किलोमीटरवर मरत नाही, वर्षांवर मरतं. गाडी ६०,००० किमी चाललेली असो नाहीतर दीड लाख, रबर तेवढंच म्हातारं. म्हणून ‘कमी चाललेली आहे’ यावर जास्त पैसे देऊ नका.

आता तुमच्या तक्रारी. कटकट: लहान लहान खड्ड्यांत कोरडा, धातूवर धातू आपटल्यासारखा आवाज येत असेल तर पहिला संशय लिंक रॉडवर (शॉकअपजवळची सांधेवाली छोटी दांडी). जोडी १,५०० ते २,५०० ला येते, अर्ध्या-पाऊण तासाचं काम. ब्रेक मारताना किंवा सोडताना एकच जड ‘धप्प’ येत असेल तर लोअर आर्मचा मागचा बुश फाटलाय. गाडी उभी ठेवून स्टीअरिंग फिरवताना स्प्रिंग कुरकुरत असेल तर शॉकअपच्या वरचं माउंट आणि त्यातलं बेअरिंग. स्टीअरिंग पूर्ण वळवून गाडी पुढं घेताना टकटकटक आलं तर एक्सलचा बाहेरचा जॉइंट. चार आवाज, चार वेगळी कामं. ती सगळी एकदम करायची गरज सहसा नसते. गाडी जॅकवर घेऊन पहारीनं प्रत्येक सांधा हलवून बघणाऱ्या मिस्त्रीकडं न्या. शॉकअपवर तेल ओघळलेलं नसेल आणि कोपरा दाबून सोडल्यावर गाडी एकदा वर येऊन थांबत असेल, तर शॉकअपला हात लावू नका. पुढची जोडी ब्रँडेड घेतली तरी ७-९ हजार जातात.

थरथर: एसी लावला की इंजिनावर भार पडतो, फाउंडेशन बसलेलं असलं की तो सगळा बॉडीत उतरतो. चेनकडच्या बाजूचं फाउंडेशन हायड्रॉलिक असतं, आत द्रव भरलेला. ते फुटून गळलं की खाली तेलकट काळा डाग दिसतो. बहुतेक वेळा तेवढं एकच जातं, ३,५०० ते ५,५०० च्या घरात. पण त्याआधी थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारी झडप) साफ करून आयडल (गाडी उभी असतानाचा इंजिनाचा वेग) नीट बसवून घ्या, ८०० ते १,२०० रुपयांचं काम आहे. निम्म्या गाड्यांची थरथर तिथंच कमी होते. एखादा सिलिंडर मिस मारत असेल तर इग्निशन कॉइल (स्पार्क प्लगला वीज देणारी) बघायला लागेल. एक कॉइल २,५०० च्या पुढं आणि अशा चार आहेत, म्हणून चारही नका बदलू. स्कॅनर लावला की कुठली खराब ते कळतं. शेजारच्या सिलिंडरवर अदलाबदल करून बघितलं तरी कळतं.

एसी: पळताना गार आणि थांबल्यावर नाही, याचा अर्थ कंप्रेसर काम करतोय. थांबल्यावर कंडेन्सरवर हवा नाही. पुढं दोन पंखे आहेत, एसी लावला की दोन्ही फिरले पाहिजेत. एक बंद असेल किंवा हळू फिरत असेल तर मोटर गेली. पंखे ठीक असतील तर कंडेन्सरच्या जाळीत चिखल आणि किडे अडकलेत, ते पाण्यानं हलक्या हातानं धुवायचं. त्यानंतर गेज लावून प्रेशर बघायचं. हे काहीच न करता कंप्रेसर लिहिला असेल तर त्या ओळीवर काट मारा, कारण नवा कंप्रेसर एकटाच २०-२५ हजारांच्या पुढं जातो.

टिकटिक: या इंजिनात टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारे भाग, आपोआप गॅप राखणारे हायड्रॉलिक नाहीत, स्क्रू आणि नटवर गॅप बसवायचा असतो, तो वाढला की टिकटिक येते. इंजिन पूर्ण गार असताना, फीलर गेज (गॅप मोजायची पातळ पट्टी) लावून. वरच्या कव्हरच्या पॅकिंगसकट १,५०० ते २,५००. हे काम बऱ्याच गाड्यांत कधीच झालेलं नसतं.

क्लच: वर सुटतो म्हणजे प्लेट झिजलीय, संपली असं नाही. ४०-५० च्या वेगात चौथा-पाचवा टाका आणि एकदम ॲक्सिलरेटर दाबा. आरपीएम वर पळाले आणि गाडी मागं राहिली तर घसरतोय, मग सेटच बदला. प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग एकत्र, मजुरी धरून १०-१३ हजार. घसरत नसेल तर बाबांच्या वापराला अजून दोनेक वर्षं निघतील. ब्रेक डिस्कची जाडी अजून मर्यादेत असेल तर त्या लेथवर फेस मारून (पृष्ठभाग सपाट करून) चालतात.

अनवट

स्पॅनर, हा प्रतिसाद जपून ठेवतोय. रबर वर्षांवर मरतं हे वाक्य जुनी गाडी घेणाऱ्या प्रत्येकानं लक्षात ठेवावं.

आकडेमोड

माळरान, गाडीच्या आधी कागद बघा. मार्च २०१२ ची नोंदणी म्हणजे मार्च २०२७ ला १५ वर्षं पूर्ण. त्यानंतर आरसीचं नूतनीकरण करावं लागतं, फॉर्म २५ भरून, मुदत संपायच्या आधीच्या ६० दिवसांत. गाडी आरटीओला नेऊन तपासून घ्यावी लागते. एप्रिल २०२२ पासून मोटारीसाठी हे शुल्क ६०० वरून ५,००० झालं. शिवाय महाराष्ट्रात १५ वर्षांवरच्या खासगी पेट्रोल मोटारीला पर्यावरण कर ३,००० रुपये, पाच वर्षांसाठी. नूतनीकरणही पाच वर्षांचंच. म्हणजे हा साधारण आठ-नऊ हजारांचा खर्च तुमच्या माथी येणार आहे, किंमत ठरवताना तो बोलून घ्या.

२०१९ च्या आधीची गाडी आहे, तर नवीन सुरक्षा नंबरप्लेट बसवलेली आहे का पाहा. चारचाकीला ७४५ रुपये आणि वर जीएसटी आहे, रक्कम छोटी, पण प्लेट नसेल तर आरटीओतली पुढची कामं अडू शकतात. कर्जाचा बोजा आरसीवर दिसतोय का तेही बघा. बँकेचं कर्ज फिटलं तरी फॉर्म ३५ देऊन बोजा उतरवला नसेल तर नाव हस्तांतर होत नाही. हस्तांतरासाठी फॉर्म २९ आणि ३०.

विमा: गाडी नावावर झाल्यापासून १४ दिवसांत विमाही आपल्या नावावर करायचा असतो. मालकाचा नो क्लेम बोनस त्यांच्याबरोबर जातो, आपल्याला मिळत नाही. १००० ते १५०० सीसीचा थर्ड पार्टी हप्ता जून २०२२ ला वर्षाला ३,४१६ ठरला, वर जीएसटी. एवढ्या जुन्या गाडीला संपूर्ण विमा घ्यायचा का यावर दोन मतं आहेत. बाबा हायवेवर चालवणार म्हणताय, मी तरी घेईन.

अबोली

दोन गोष्टी सांगते, दोन्ही इंजिनाच्या नाहीत.

पहिली: आईबाबांना गाडी घ्यायच्या आधी त्यात बसवून बघा. आणि नुसतं बसवू नका, उतरायला लावा. सिटीची सीट खाली आहे, जवळपास जमिनीशी पाय लांब करून बसायचं. माझ्या आईच्या गुडघ्यांना ते जमेना. दरवाज्याची वरची पट्टी धरून, अंग ओढून बाहेर यावं लागायचं. मागे बसायचं झालं तर मान वाकवून शिरायचं. पन्नाशीपर्यंत हे जाणवतही नाही. तुमचे बाबा चालवणार आहेत, त्यांचे गुडघे ठीक असतील, पण आईंचं काय? हे वर्कशॉपमध्ये कुणी सांगणार नाही म्हणून मुद्दाम लिहिलं.

दुसरी: गाडी पुणे पासिंगची असली तरी २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये कुठे होती ते विचारा. आमच्याकडे कोल्हापुरात दोन्ही पुरांत किती गाड्या पाण्यात होत्या ते डोळ्यांनी पाहिलंय. त्यातल्या पुष्कळ गाड्या धुऊन, पॉलिश मारून विकल्या गेल्या. ओळखीतल्या एकांनी अशीच एक घेतली. कधी काच खाली होत नाही, कधी मीटरवरचे दिवे पेटतात, कधी गाडी सुरूच होत नाही. एक दुरुस्त केलं की दुसरं. वायरिंगमध्ये गंज आहे, तो कुठे कुठे शोधणार? शेवटी तोट्यात विकली.

ओळखायचं असेल तर ड्रायव्हरचा सीटबेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढा, सहसा न बाहेर येणाऱ्या भागावर मातीची रेघ दिसते. डिकीतलं स्टेपनी काढून त्याखालचा खड्डा बघा. सीट पुढेमागे सरकते त्या रुळांचा आणि सीटखालच्या बोल्टांचा गंज बघा. कार्पेटचा कोपरा उचलून वास घ्या. गाडीत नवीन सुगंधी डबी लावलेली असली तर वास दोनदा घ्या.

स्पॅनर

अबोली ताई, अगदी बरोबर. त्यात एक भर. डॅशबोर्डच्या खाली, ड्रायव्हरच्या पायाच्या वर हात घालून वायरिंगचे सॉकेट बघा. पांढरी-हिरवी पावडर धरलेली असेल तर पाणी तिथवर चढलेलं होतं. अशी गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. पूर येऊन गेल्यावर आमच्या गॅरेजच्या बाहेर अशा गाड्यांची रांग होती. इंजिन आम्ही उघडून साफ करून सुरू करू शकतो, वायरिंगचं कुणीच सांगू शकत नाही.

दर्यावर्दी

रत्नागिरीहून. आमच्याकडे खारी हवा आहे, त्यामुळे आम्ही गाडी खालून बघतो, वरून नाही. सायलेन्सरचे जोड, मागच्या चाकांच्या कमानीच्या आतली कड आणि दरवाज्यांच्या खालच्या कडा. पुण्याच्या गाडीला हे कमी असेल.

पण एक गोष्ट कुणीच लिहिली नाही आणि ती सगळ्यात महत्त्वाची आहे: एअरबॅग. या काळातल्या होंडाच्या बऱ्याच गाड्यांत टाकाटा कंपनीचे इन्फ्लेटर होते. एअरबॅग फुगवायला त्यात अमोनियम नायट्रेटची वडी असते. वर्षानुवर्षं उष्णता आणि दमट हवा लागली की ती वडी खराब होते आणि अपघातात हवी त्यापेक्षा जोरात जळते. मग इन्फ्लेटरचं धातूचं आवरणच फुटून तुकडे समोरच्या माणसाच्या अंगावर येतात. जगभरात यामुळे माणसं गेली आहेत. भारतातही होंडानं जुन्या सिटीसकट अनेक मॉडेल परत बोलावून इन्फ्लेटर फुकट बदलून दिले.

गाडी दोन मालकांच्या हातून गेलेली आहे. कंपनीचं पत्र पहिल्याच्या पत्त्यावर गेलं असेल, दुसऱ्याला माहीतही नसेल. आरसीवर १७ अक्षर-आकड्यांचा चासी नंबर आहे. तो कंपनीच्या संकेतस्थळावर टाकला की या गाडीचं काम बाकी आहे का ते दिसतं. बाकी असेल तर पैसे लागत नाहीत. सौदा होवो न होवो, तो नंबर टाकून बघा आणि मालकांनाही सांगा.

माळरान

दर्यावर्दी, मनापासून आभार. हे मला अजिबात माहीत नव्हतं. आजच बघतो.

रानवाट

मी जरा उलट बाजू मांडतो. २.६० लाखांची गाडी, वर दुरुस्ती, टायर, कागद, म्हणजे सव्वातीन लाख. त्यात २०१६-१७ ची एखादी वॅगनआर किंवा सेलेरिओ येते. सुटे भाग गल्लोगल्ली, मायलेज जास्त, बसायला उंच, अबोली ताईंनी म्हटलेला गुडघ्यांचा प्रश्नही सुटतो. १४ वर्षं जुन्या सेडानचा हट्ट कशासाठी?

आकडेमोड

हिशेबानं रानवाट बरोबर आहेत, हे मान्य. पण हायवेवर ९० च्या वेगात ट्रकशेजारून जाताना दोन्ही गाड्या चालवून बघा. वजन, चाकांमधलं अंतर, ब्रेक यांचा फरक पडतो. कराड-कोल्हापूर सगळा हायवेच आहे. बाबांना कुठलं वाहन हाताळायला निर्धास्त वाटतं हे त्यांनाच विचारावं.

माळरान

रानवाट, मुद्दा रास्त आहे आणि मी तो घरी मांडला. बाबांनी आयुष्यभर लहान गाडी चालवली. निवृत्तीनंतर एकदा तरी डिकीवाली गाडी असावी असं त्यांनी कधीतरी बोलून दाखवलं होतं, तेवढ्यासाठीच हे चाललंय. आईला या रविवारी बसवून बघतो.

केवडा

माझ्याकडे याच्या आधीची, २००७ ची सिटी झेडएक्स आय-डीएसआय अजून आहे. जुनी सेडान शोधणाऱ्या कुणाला ती दाखवली गेली तर हे लक्षात ठेवा: त्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन, असे एकूण आठ स्पार्क प्लग आहेत. पुढचे चार सहज निघतात. मागचे चार काचेकडच्या बाजूला दडलेले, तिथे हात पोचत नाही. त्यामुळे ‘प्लग बदलले’ म्हणणाऱ्या बऱ्याच जणांनी चारच बदललेले असतात. बिलावर आठ प्लग आहेत का बघावं आणि जुने आठही हातात मागून घ्यावेत. इंजिन साधं, शहरात मायलेजला अजूनही चांगलं. मात्र आतल्या बारीकसारीक प्लॅस्टिकच्या वस्तू आता शोधाव्या लागतात. पुण्यात नाना पेठेत, मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला मिळून जातात.

माझा प्रश्न वेगळा आहे. २० टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलचं जुन्या गाड्यांना काय होतं?

स्पॅनर

केवडा, इथेनॉल दोन गोष्टी करतं. एक, त्यात ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी, त्यामुळे मायलेज उतरतं. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात जुन्या पद्धतीच्या चारचाकींसाठी ६-७ टक्के घट धरली आहे. दोन, ते पाणी ओढतं आणि काही जातीच्या रबराला फुगवतं किंवा कडक करतं. इंधन पंपाचे सील, इंजेक्टरच्या ओ-रिंग, टाकीपासूनचे पाइप यांना त्रास.

माळरानच्या गाडीपुरतं सांगायचं तर होंडानं जाहीर केलंय की १ जानेवारी २००९ नंतर बनलेल्या त्यांच्या गाड्यांतलं साहित्य ई२० ला, म्हणजे २० टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलला, चालतं. त्यामुळे २०१२ ची सिटी त्यात बसते. तुमची २००७ ची बसत नाही. तुम्ही टाकी महिनोन्‌महिने अर्धी ठेवून गाडी उभी करू नका, आणि पेट्रोलचा वास आला की थांबा, पाइप तपासून घ्या. इंधनाचे पाइप बदलणं फार महाग नाही, आग लागली तर काही उरत नाही.

घाटवळण

सीएनजी बसवली तर? बाबांचा खर्च वाचेल.

स्पॅनर

वर्षाला सात-आठ हजार किमीला किटचे पैसे वसूल व्हायला वर्षं जातील, आणि ज्या डिकीसाठी सेडान घेतायत तीच जाईल. शिवाय टॅपेट स्क्रूवर असल्यानं गॅसवर एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट झिजत जाते, गॅप कमी होत जातो आणि व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही. तेव्हा तर आवाजही येत नाही, उलट इंजिन शांत वाटतं, आणि व्हॉल्व्ह जळतो. गॅसवर चालवणाऱ्यांनी गॅप लवकर लवकर तपासावा. या वापराला नको.

माळरान

मंडळी, ताजी खबर. आई बसली आणि उतरली. ड्रायव्हरशेजारी तिला जमतंय, मागे नको म्हणाली. ती कायम पुढेच बसते, त्यामुळे हरकत नाही.

चासी नंबर टाकला. एअरबॅगचं काम आधीच्या मालकांच्या काळात झालेलं निघालं, सर्व्हिस नोंदीतही दिसलं. त्याच नोंदीवरून किलोमीटरचाही मेळ बसला, आकडे दरवर्षी चढत गेलेत. पुराची काही खूण सापडली नाही.

मग मालकांच्या परवानगीनं गाडी तिसऱ्याच एका गॅरेजमध्ये जॅकवर घेतली. स्पॅनर यांनी लिहिलेल्या क्रमानं सगळं बघायला लावलं. निघालं ते असं: लिंक रॉड दोन्ही ढिले, डावा लोअर आर्मचा बुश फाटलेला. शॉकअप चारही कोरडे. हायड्रॉलिक फाउंडेशन गळलेलं, बाकीची चांगली. एसीचा एक पंखा बंद. कंप्रेसरचं प्रेशर व्यवस्थित. क्लच घसरत नाही. डिस्क जाडीला बसतात. म्हणजे ९४,००० च्या यादीतले शॉकअप, क्लच, कंडेन्सर, कंप्रेसर आणि डिस्क यांची आज गरजच नव्हती.

पण टायर! दोन्ही अंदाजपत्रकांत टायरचा शब्द नव्हता. बाजूवर चार आकडी तारीख २३१८, म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर आहे, पण बाजूच्या भिंतीवर बारीक भेगा. बाबांना हायवेवर या टायरवर पाठवणार नाही.

सौदा २,३५,००० ला झाला. कामाचा हिशेब देतो, कुणाला उपयोगी पडेल: लिंक रॉड २,०००, लोअर आर्म जोडी ७,०००, फाउंडेशन ४,५००, पंख्याची मोटर २,८००, एसी गॅस १,६००, टॅपेट पॅकिंगसह २,०००, ऑईल, फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑईल मिळून ६,५००, मजुरी ४,५००. एकूण ३०,९००. टायर १७५/६५ आर१५, चार मिळून २१,६००, अलाइनमेंट-बॅलन्सिंग त्यातच. सगळं धरून ५२,५००. स्वस्तवाल्या ३५,००० मध्ये कुठल्या प्रतीचे भाग येणार होते ते विचारलं तर नीट उत्तर मिळालं नाही, म्हणून तिथे गेलो नाही.

स्पॅनर

चांगलं झालं. सगळ्यात शहाणपणाचा खर्च टायरचा आहे. शॉकअप कोरडे निघाले याचा मला आनंद झाला, कारण यादीत ते न बघताच लिहिले जातात.

आता जपायचं काय ते. कूलंटमध्ये साधं नळाचं पाणी कधी घालू देऊ नका. इंजिनाचं हेड (वरचा भाग) ॲल्युमिनियमचं आहे, क्षार आणि गंज धरला की रेडिएटरच्या नळ्या बंद होतात. रेडिएटरच्या वरच्या प्लॅस्टिकच्या टाकीचा रंग बघत राहा. काळी टाकी पिवळसर-तपकिरी झाली की ती तडकायच्या वाटेवर आहे, ४,५०० ते ७,००० बाजूला ठेवा. घाटात तापमानाची लाल खूण दिसली तर गाडी बाजूला घेऊन थांबायचं, आणि रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही. ‘एवढा चढ संपवू’ म्हणून पुढं रेटलं की हेड पॅकिंग जातं आणि मग १५-२० हजारांचं काम निघतं. बाबांना हे एवढं नक्की सांगा.

माळरान

सांगतो. शेवटची शंका: गाडी कधी कधी आठवडाभर उभी राहील. काय काळजी घ्यायची?

स्पॅनर

आठवड्यातून एकदा गावाबाहेर वीस-पंचवीस मिनिटं चालवून आणायची. जागेवर इंजिन सुरू ठेवून उपयोग नाही, त्यानं बॅटरी भरत नाही आणि सायलेन्सरमध्ये पाणी साचतं. पावसाळ्यात गाडी उभी ठेवताना हँडब्रेक ओढून ठेवू नका, मागं ड्रम ब्रेक आहेत, शू ड्रमला चिकटतात. सपाट जागेवर पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड किंवा लाकडी ठोकळा लावा. आणि बॉनेट आठवड्यातून एकदा उघडून बघा, कराडला उसाच्या शेताजवळ घर असेल तर उंदीर वायरिंगपर्यंत पोचतात.

केवडा

माळरान, पाच हजार किमी झाल्यावर मायलेज आणि पुढचा खर्च इथेच लिहा. माझी आठ प्लगवाली आता पाइप तपासायला नेतेय, निघेल ते कळवते.

अबोली

अभिनंदन, आणि आईंना पुढच्याच सीटवर बसवा. कोल्हापूरला आलात तर चांगला अलाइनमेंटवाला सांगते, नवे टायर हजारेक किमी झाल्यावर एकदा पुन्हा तपासून घ्या.